आपल्या जिल्ह्यात कलेवर किती घरं चालतात, हे मोजायचं कसं

तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना मी दरवर्षी एकच प्रकल्प देते. आपला जिल्हा घ्यायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं आणायची. कलेच्या, रचनेच्या, करमणुकीच्या कामावर इथे किती घरं चालतात? ते काम जिल्ह्याच्या कोणत्या भागात होतं? आणि त्या कामातला पैसा शेवटी कुठे जमा होतो? मी मुंबईत परळच्या बाजूला एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली बरीच मुलं विरार, नालासोपारा, कल्याण, बदलापूरहून गाडी पकडून येतात आणि त्यांची मूळ गावं सातारा, रत्नागिरी, लातूर, चंद्रपूर अशी पसरलेली असतात. हल्ली बाहेरूनही ही रीत विचारली जाते, विशेषतः हौशी नाट्यसंस्थांकडून आणि जिल्ह्याच्या आराखड्यात काहीतरी मागायचं असलेल्या कार्यकर्त्यांकडून. म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

मोजायचं कशासाठी, हे आधी. महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाची चर्चा राज्य स्थापन होण्याच्या आधीपासून, १९५३च्या नागपूर करारापासून चालत आली आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली जिल्ह्यांचा अनुशेष काढला तो रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, जमीन विकास आणि पशुवैद्यकीय सेवा या क्षेत्रांत. १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. दांडेकरांची पद्धत सरळ होती: राज्याची सरासरी धरायची आणि जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं. तीच पद्धत कलाकार, कारागीर आणि तंत्रज्ञांना लावून बघा, एवढंच मी मुलांना सांगते. मुंबईत सगळं आहे आणि बाकी जिल्ह्यांत काही नाही, असं आपण न मोजताच धरून चालतो. मोजलं की ते निम्मंच खरं निघतं. काम बाहेर भरपूर आहे, पण कागदावर येत नाही; आणि त्यातला मोठा पैसा मुंबईत येऊन थांबतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आधी कोणाला धरायचं ते ठरवा

या विषयावर वाचायला लागलात की पहिलं नाव समोर येतं ते शहरांचे अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांचं. २००२ साली त्यांनी मांडलं की ज्या शहरांकडे सर्जनशील माणसं ओढली जातात ती शहरं पुढे जातात, आणि अशी माणसं जिथे गुणवत्ता, तंत्रज्ञान आणि मोकळं, सहिष्णू वातावरण असतं तिथे जमतात. त्यांच्या व्याख्येत शास्त्रज्ञ, इंजिनीअर, प्राध्यापक, वकील, डॉक्टर, वित्त क्षेत्रातले लोक सगळे येतात. ही व्याख्या आपल्या जिल्ह्याला जशीच्या तशी लावू नका. शिक्षक आणि डॉक्टर जिथे वस्ती असते तिथे असतातच, त्यामुळे त्यांची संख्या मुळात लोकसंख्येबद्दल सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या डेव्हिड मॅकग्रॅनहन आणि टिमोथी वोजन यांनी २००७ साली हेच केलं: स्थानिक लोकांना सेवा देणारे असे व्यवसाय यादीतून वजा केले आणि मग ग्रामीण भागाची मोजणी नव्याने केली. तेव्हा त्यांना दिसलं की डोंगर-पाण्याच्या देखण्या ग्रामीण भागातही सर्जनशील माणसं जमतात आणि तिथल्या वाढीशी त्यांचा संबंध असतो.

आपल्याकडे मी यादी आणखी आवळते आणि दुसऱ्या बाजूने सैल करते. बँकर, वकील बाहेर. विणकर, कुंभार, मूर्तिकार, चपला शिवणारे, दशावतारी, तमासगीर आत. सॉफ्टवेअरवाल्यांचा निर्णय तुमचा. पुण्याचा किंवा ठाण्याचा अभ्यास असेल तर त्यांचा आकडा वेगळा ठेवा, नाहीतर ते बाकी सगळ्यांना झाकून टाकतात.

यासाठी सरकारी कोड लागतात. व्यवसायांची राष्ट्रीय यादी २०१५ची आहे. तिच्यातले कामाचे गट साधारण असे: २१६ मध्ये वास्तुरचनाकार आणि डिझायनर, २६४ मध्ये लेखक, पत्रकार, अनुवादक, २६५ मध्ये चित्रकार, गायक-वादक, नर्तक, दिग्दर्शक, नट, ३४३ मध्ये छायाचित्रकार आणि अंतर्गत सजावटकार, ३५२ मध्ये ध्वनी-प्रक्षेपणाचे तंत्रज्ञ, ७३१ मध्ये हस्तकलेचे कारागीर. उद्योगांची यादी २००८ची आहे: ५८ प्रकाशन, ५९ चित्रपट-मालिका-ध्वनिमुद्रण, ६० प्रक्षेपण, ७३ जाहिरात, ७४ मध्ये डिझाइन आणि छायाचित्रण, ९० कला आणि करमणूक. या दोन याद्या छापून समोर भिंतीवर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या दोन याद्या एकमेकींना आडव्या लावायच्या. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही रीत नीट बसवली आहे आणि मला ती फार उपयोगी वाटते. त्यातून तीन टोपल्या तयार होतात. पहिलीत कलेच्या उद्योगात काम करणारा कलाकार. दुसरीत कलेच्या उद्योगात काम करणारा पण कलाकार म्हणून न नोंदलेला माणूस. तिसरीत दुसऱ्याच उद्योगात बसलेला कलाकार, उदाहरणार्थ अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांची डिझाइन काढणारी मुलगी.

दुसरी टोपली का हवी ते सांगते. नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थिनीने आपल्या घरापासूनच सुरुवात केली. वडिलांना विचारलं, तुमचा व्यवसाय काय लिहू? ते म्हणाले, लिही इलेक्ट्रिकचं काम. ते मालिकांच्या सेटवर लाइटदादा आहेत. ट्रॉलीवरून लाइट उतरवणं, स्टँडवर चढवणं, कटर आणि जिलेटिन लावणं, कॅमेरामनने हात वर केला की एवढ्याशा खुणेवरून दिवा चार बोटं खाली घेणं, हे काम ते बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये करतात. चेहऱ्यावर सावली कशी पडली पाहिजे हे त्यांना पुष्कळ नवशिक्या दिग्दर्शकांपेक्षा जास्त कळतं. पण कागदावर ते ७४१, म्हणजे विजेची उपकरणं बसवणारे आणि दुरुस्त करणारे, त्याच गटात पंखे दुरुस्त करणाराही बसतो. सेटिंगचे सुतार ७११मध्ये जातात, ड्रेसदादा शिंप्यांच्या गटात, मेकअपवाले ब्यूटी पार्लरच्या गटात. नुसत्या व्यवसायाच्या कोडवर मोजलंत तर सेटवरची बहुतेक माणसं गायब होतात. उद्योगाच्या रकान्यात ५९ बघितलं की ती सगळी परत मिळतात.

आकडे कुठून घ्यायचे

मुख्य साधन म्हणजे केंद्र सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. २०१७-१८पासून ते चालू आहे आणि एकेका माणसाच्या पातळीवरचा त्याचा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतो. महाराष्ट्राचा राज्य कोड २७. तेवढ्या ओळी वेगळ्या काढून घेतल्या की साध्या संगणकावर काम होतं. सुरुवातीच्या वर्षांत व्यवसायांची २००४ची जुनी यादी वापरली आहे, तिचे कोड वेगळे आहेत, त्यामुळे फाइलसोबतची सूचनापत्रिका आधी वाचा. प्रत्येक ओळीला एक भार, म्हणजे ती ओळ किती माणसांच्या जागी धरायची तो आकडा, दिलेला असतो; तो लावल्याशिवाय बेरीज करू नका.

नमुना लहान असतो, हे कायम डोक्यात ठेवा. एका जिल्ह्यात २६५च्या चार ओळी सापडल्या आणि त्यावरून कोणी टक्केवारी सांगितली तर मी गुण देत नाही. २०२५पासून सर्वेक्षणाची आखणी जिल्हा हे एकक धरून होऊ लागली आहे, ही मोठी सोय आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी तीन-चार वर्षं एकत्र करा, किंवा जिल्ह्याऐवजी सर्वेक्षणाच्या प्रदेशावर थांबा. महाराष्ट्राचे असे सहा प्रदेश आहेत. सगळ्यात पूर्वेचा प्रदेश म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. हा जवळजवळ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचाच पट्टा आहे, त्यामुळे तिथल्या रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्याला तो अगदी सोयीचा. उलट किनारपट्टीच्या प्रदेशात मुंबई आणि सिंधुदुर्ग एकाच पोत्यात आहेत. तिथे सरासरी काढली की कुडाळ-सावंतवाडीचे दशावतारी मुंबईच्या गर्दीत बुडून जातात. कोकणातल्या मुलांनी म्हणून प्रदेशाचा आकडा वापरायचाच नाही.

दुसरं साधन सहावी आर्थिक गणना, २०१३-१४ची. जुनी आहे, पण ती दुकान, कारखाना, स्टुडिओ जिथे आहे तिथे जाऊन केलेली आहे आणि हातमाग-हस्तकलेच्या आस्थापनांची वेगळी खूण तिच्यात आहे. विणकरांसाठी २०१९-२०ची चौथी अखिल भारतीय हातमाग गणना बघा. जिल्ह्याचं एकूण चित्र हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आणि राज्याची आर्थिक पाहणी, जिच्यात जिल्हावार दरडोई उत्पन्न मिळतं.

आणि मग ज्या याद्या अर्थशास्त्राचे विद्यार्थी सहसा उघडत नाहीत त्या. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांच्या मानधनाची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात असते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या राज्यभरच्या केंद्रांवर होतात, कोणत्या केंद्रावर किती संस्था उतरल्या ते जाहीर होतं. हस्तकला कारागिरांना केंद्राकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं. २०२३पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार, मूर्तिकार, खेळणी करणारे, चांभार, शिंपी असे १८ व्यवसाय आहेत. नावं मागू नका, ती खाजगी माहिती आहे. तालुकावार संख्या मागा. तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

राहतो कुठे, राबतो कुठे

श्रमबल सर्वेक्षण माणसाला घरी गाठतं, आर्थिक गणना कामाच्या जागी. मुंबईच्या आसपास हा फरक इतका मोठा आहे की दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काहीच समजत नाही. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, जी १९७७पासून चालू आहे, काम करणारा माणूस राहायला नालासोपाऱ्यात किंवा विरारला असतो. घरी मोजला तर तो पालघर जिल्ह्याचा, कामावर मोजला तर मुंबई उपनगरचा.

पालघर जिल्हा याच्यासाठी मुद्दाम घ्यावा. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला वसई-विरारची महानगरपालिका, नायगावला मालिकांचे सेट. उत्तरेला डहाणू-तलासरीत वारली चित्रकार, ज्यांच्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. आणि पूर्वेला जव्हार-मोखाडा, जिथून माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघून जातात. जिल्ह्याची एक सरासरी काढली तर या तिन्हींपैकी एकाचंही चित्र येत नाही. त्यामुळे तालुकावार फोड केल्याशिवाय पालघरचा तक्ता मी स्वीकारत नाही.

आणि त्या लाइटदादांचंच पुढे बघा. ते राहतात पालघर जिल्ह्यात, नायगावच्या सेटवर राबतात तेही पालघर जिल्ह्यात. पण त्यांची निर्मिती संस्था अंधेरीत, वाहिनीचं कार्यालय मुंबईत, जाहिरातीचा पैसा मुंबईत. त्यांच्या हातात दिवसाची मजुरी आणि कन्व्हेयन्सचे पैसे येतात, तेही पुष्कळदा नव्वद दिवसांनी. म्हणून तक्त्यात मी तीन रकाने करायला लावते: घर, काम, बिल. बिल कोणत्या पत्त्यावर निघतं, हा तिसरा रकाना भरायला त्रास होतो, पण प्रादेशिक तफावत कळते ती तिथेच.

हंगामी माणूस सुटू देऊ नका

माझं माहेर ब्रह्मपुरीजवळचं. बाबा धानाची शेती करायचे आणि हंगामात झाडीपट्टीच्या नाटकात हार्मोनियम वाजवायचे. धान घरात आलं की मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात, आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. हा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास ओसरतो. वैनगंगेपलीकडचं वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठाणं. तिथे नाट्य मंडळांची कार्यालयं, बुकिंगचे फलक, पडदे-नेपथ्यवाले, ध्वनी-प्रकाशवाले, बॅनर छापणारे, टेम्पोवाले, सगळी साखळी एका गावात सापडते. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. इतकं मोठं काम आणि जनगणनेत बाबांच्या नावापुढे कायम ‘शेतकरी’ एवढंच. चूक मोजणाऱ्याची नव्हती. जनगणनेत मुख्य काम करणारा म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम केलेला, आणि बाबांचा जास्त वेळ शेतातच जायचा.

श्रमबल सर्वेक्षणात यावर उपाय आहे आणि बहुतेक जण तो वापरत नाहीत. तिथे प्रत्येकाचं मुख्य काम नोंदतात आणि त्यासोबत वर्षात ३० दिवस किंवा जास्त केलेलं दुय्यम कामही, स्वतःच्या उद्योग आणि व्यवसाय कोडसह. फाइलीत हे दुय्यम कामाचे रकाने उजवीकडे दूर असतात. ते उघडा. मुख्य रकान्यात शेती आणि दुय्यम रकान्यात ९० किंवा २६५, असा माणूस सापडला की त्याला वेगळ्या रंगाने रंगवा. दशावतारी, तमाशातले वादक, बँडवाले, जत्रेतले रंगकर्मी असेच सापडतात.

बायकांच्या बाबतीत आणखी बारकाईने बघावं लागतं. येवल्यात पैठणीच्या मागावर पुरुष बसलेला दिसतो. कांडी भरणारी, ताणा लावायला हात देणारी बाई त्याच घरात असते. पेणजवळ हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्ती वर्षभर घडतात, तिथेही रंगकामात बायकांचा मोठा हात असतो. सर्वेक्षणात त्यांची नोंद नीट झाली तर कोड २१ येतो, म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदत. नाही झाली तर ९२, म्हणजे घरकाम. तुमच्या जिल्ह्यातल्या कारागीर घरांमध्ये २१ आणि ९२ किती आहेत ते मोजा. ९२ फारच जास्त निघाले तर आकडा कमी येतो आहे, असं अहवालात स्पष्ट लिहा.

प्रत्यक्ष जाऊन विचारताना ‘तुम्ही काय काम करता?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याला उत्तर ठरलेलं येतं: शेती, मजुरी, घरीच असते. त्याऐवजी बारा रकान्यांचा कागद घेऊन बसा आणि मराठी महिन्यांनी विचारा. आषाढात काय केलं? गणपतीत? कार्तिकात? जत्रा संपल्यावर चैत्रात? प्रत्येक महिन्यात कोणत्या कामाचे पैसे आले आणि कोणी दिले? गावाकडे माणसं काम हंगामाने लक्षात ठेवतात, त्यामुळे असं विचारलं की वर्ष उलगडत जातं. मुंबईतही हे चालतं, फक्त तिथे महिन्यांऐवजी कोणती मालिका, कोणतं प्रॉडक्शन असं विचारा.

गुणोत्तर काढणं

हे सोपं आहे, लवकर संपवते. समजा तुमच्या जिल्ह्यात हजार कामकऱ्यांमागे १२ जण तुमच्या यादीतले निघाले आणि राज्यात हजारामागे २०. बाराला विसाने भागा: ०.६. यालाच लोकेशन कोशंट म्हणतात. एकच्या वर म्हणजे राज्याच्या मानाने ते काम तुमच्याकडे दाटलेलं, एकच्या खाली म्हणजे विरळ. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) हे गुणोत्तर सगळ्यांचं मिळून एकदा काढा आणि मग प्रत्येक कामाचं वेगळं. एकत्रित आकडा ०.६ असलेल्या जिल्ह्यात हस्तकलेचा आकडा त्याच्या तिप्पट असू शकतो. खरी माहिती त्या वेगळ्या आकड्यांत आहे. राज्याच्या सरासरीत मुंबई असल्यामुळे ती वर खेचली जाते, म्हणून मुंबई वगळूनही एकदा सरासरी काढा आणि दोन्ही छापा.

जिल्ह्याच्या सीमेवर मोजणी संपवू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणीचा कारागीर बेळगावच्या तक्त्यात जाणार, पण व्यवसाय एकच. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अशाच चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या आणि इथून आवाज उठल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. बिलाचा रकाना किती दूर जाऊ शकतो, हे त्यावरून मुलांना पटकन समजतं.

कारण आणि परिणाम यांची घाई करू नका

आता तुमच्याकडे गुणोत्तर आहे, शेजारी दरडोई उत्पन्न आहे. मुंबई, ठाणे, पुणे दोन्हीकडे वर. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली उत्पन्नात तळाला. लगेच लिहावंसं वाटतं की कलाकार आले की समृद्धी येते. थांबा. फ्लोरिडांच्या मांडणीवर अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ग्लेझर यांचा आक्षेप हाच होता की शहरांची वाढ शिक्षणाने समजते, त्यात कलाकारांचं वेगळं श्रेय फारसं उरत नाही. म्हणून तिसरा रकाना पदवीधरांच्या प्रमाणाचा घ्या. तो घातल्यावर तुमचा संबंध टिकतो का, ते तपासा.

आणि इतिहास बघा. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कोल्हापूरला एक अख्खी पिढी तयार झाली. त्यातल्याच व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरेंनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३मध्ये प्रभात पुण्याला गेली. १९४२मध्ये शांताराम बाहेर पडले आणि परळला राजकमल स्टुडिओ उभा केला, माझ्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्यातल्या प्रभातच्या जागेवर १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. या तीस वर्षांत कोल्हापुरात हुन्नर कमी नव्हता, तो तर तिथलाच होता. पण कच्ची फिल्म परदेशातून यायची, वितरक आणि सावकार मुंबईत होते. माझं मत असं की हुन्नर जिथे जन्मतो तिथेच थांबायला भांडवल, बाजार आणि शिकवण्याची जागा या तीन गोष्टी जवळ लागतात. एक जरी दूर असली तरी माणसं तिच्या दिशेने सरकतात. मुंबईत १८५७पासून जे. जे. कला विद्यालय आहे. चालू काळातली गुंतवणूकही इथेच आली: युनेस्कोने २०१९मध्ये चित्रपटासाठी सर्जनशील शहर म्हणून मुंबईची निवड केली, २०२५मध्ये करमणूक उद्योगाची वेव्हज परिषद इथे भरली आणि भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था इथेच सुरू झाली. त्यामुळे तुमच्या अहवालात ‘आमच्याकडे कलाकार आहेत’ एवढ्यावर थांबू नका. जवळचं कला महाविद्यालय किती किलोमीटरवर, ध्वनिमुद्रणाची खोली कुठे, कर्ज कोण देतं, आगाऊ रक्कम कोण देतं, हे लिहा.

मुंबईच्या आतही हीच तपासणी करा, नाहीतर आपण मुंबईला एकजीव समजून बसतो. १९८२च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि लोअर परळच्या त्याच आवारांत जाहिरात संस्था, वाहिन्या, डिझाइन स्टुडिओ आले. कामाच्या जागी मोजलं तर गिरणगावात सर्जनशील काम दाट दिसतं. घरी मोजा, चाळीत आणि म्हाडाच्या इमारतीत जाऊन विचारा, की त्या काचेच्या इमारतींत वरच्या मजल्यावर तुमच्या घरातलं कोणी बसतं का, की सुरक्षा आणि हाउसकीपिंगला जातं. हा प्रश्न माझ्या वर्गातल्या लालबाग-शिवडीच्या मुलांना मी मुद्दाम देते. विभागाचं गुणोत्तर चांगलं येणं आणि विभागातल्या माणसांना काम मिळणं यांतलं अंतर त्यांना आपल्याच जिन्यावर मोजता येतं.

तक्ता कोणाकडे न्यायचा

अहवाल चार पानांचा करा. पहिल्या पानावर तालुकावार घर-काम-बिल तक्ता, दुसऱ्यावर कामवार गुणोत्तरं, तिसऱ्यावर हंगामाचा बारा महिन्यांचा कागद, चौथ्यावर मागणी. मागणी मोजकीच ठेवा आणि ती बिलाच्या रकान्यावर काढा. वडशासाठी मी कोणाला सुचवलं असतं तर कलाकारांचा सत्कार किंवा महोत्सव सुचवला नसता. सरावाची आणि ध्वनिमुद्रणाची भाड्याने मिळणारी जागा, आणि हंगामाआधी मंडळांना नेपथ्य-प्रकाशासाठी बँकेचं खेळतं भांडवल, हे मागितलं असतं, कारण आज हे पैसे व्याजाने बाहेरून येतात. नायगावच्या सेटवरच्या कामगारांसाठी मागणी अगदीच वेगळी निघेल: दिवसाची मजुरी वेळेत मिळणं आणि रात्रीच्या पॅकअपनंतर स्टेशनपर्यंत वाहन.

पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचं प्रारूप साधारण डिसेंबर-जानेवारीत ठरतं. त्याच्या आधी, दिवाळी झाल्यावर लगेच, अहवालाची एक प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे आणि एक नियोजन समितीवरच्या तुमच्या भागातल्या सदस्याकडे द्या, आणि दोन्हींवर पोच घ्या. सोबत मूळ फाइलीतल्या ओळी आणि भार लावलेली शीट पेन ड्राइव्हवर द्या, म्हणजे तिथल्या सांख्यिकी सहायकाला तुमचा आकडा स्वतः काढून बघता येईल.